दादा येऊन राहिला

तंबूचा शेवटचा खुंटा ठोकून उमेंद्रनं हात झटकले, तेवढ्यात अल्कानं विचारलं, "गाडीचा आवाज आला काय?"

आला नव्हता. दरेकशाच्या त्या दरीत पाण्याशिवाय कशाचाच आवाज नव्हता. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं होतं. सकाळपासून अल्काला प्रत्येक झाडामागं दादाची पांढरी जीप दिसत होती.

तशी ती चोर कुठली! सकाळीच गोंदियात दोघांनी कचेरीत सह्या करून रीतसर लग्न केलं होतं. तो पोवार, ती बौद्ध. घरी मात्र कुणालाच पत्ता नव्हता, म्हणजे पळून आली असंच म्हणायचं.

लॉजवर कुणीतरी ओळखीचं भेटलंच असतं, म्हणून तंबू. शिवाय दरेकशाच्या डोंगरात तंबू ठोकून राहायचं, हे अल्काचं जुनं वेड. घरातले सगळे त्यावरून हसायचे. उमेंद्र हसला नाही. त्यानं तंबू आणला, स्टोव्ह आणला आणि अल्काला जमिनीवर बसवत नाही म्हणून घडीच्या दोन खुर्च्याही आणल्या.

घरातला कर्ता माणूस गेल्यापासून तिथं दादाचाच शब्द चालायचा. अल्काची आणि उमेंद्रची ओळख वाचनालयातली, पेपर वाचता वाचता झालेली. दादाच्या कानावर ते गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं घरीच दोन पेपर सुरू केले. आता बाहेर कायले जायाचं, एवढंच म्हणाला. पुढं आठवडाभर गप्प. ओरडणारा बरा, त्याचा राग निदान दिसतो तरी. न बोलणाऱ्याचं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्काचं डोकं ठणकत होतं. झोप झाली नाही, दुसरं काय, असं दोघांनी ठरवून टाकलं.

रस्त्यावरच्या टपरीत कुसुमबाईनं चहा दिला आणि देता देता सांगितलं की काल अंधार पडायच्या वेळी एक माणूस पांढरी जीप घेऊन आला होता, मोबाइलमधला फोटो दाखवत होता. फोटो तुमचाच होता, बाई. अल्कानं चहा तसाच खाली ठेवला. रागात होता काय, तिनं विचारलं. तोंड लालबुंद होतं बाप्पा, चहाबी नाही घेतला, कुसुमबाई म्हणाली.

"उपाशी असन," अल्का पुटपुटली. "भुकेला असला का त्याचं डोकं ठिकानावर नाही राहत."

उमेंद्रनं घाईघाईत चिचगडला जायचा जवळचा रस्ता विचारला, तंबू गुंडाळला आणि गाडी काढली.

आमगाव गेलं, देवरी गेली. पुढं दोन्ही बाजूंनी साग, बांबू आणि मागं निळे डोंगर. एवढं सुंदर जंगल, पण अल्काचे डोळे मागच्या आरशातून हलेनात. मांडीवरचा फोन सारखा थरथरत होता. पडद्यावर एकच नाव, दादा.

एकदा उचल, बोलून मोकळी हो, उमेंद्र म्हणाला.

"काय बोलू? वापस चाल म्हनला तं मी जाईन. मी त्याले आजवर कशालेच नाही म्हनली नाही."

उमेंद्रनं गाडीचा वेग वाढवला. मार खायची त्याची तयारी होती. पण अल्का उठून दादाच्या जीपमध्ये जाऊन बसली तर?

चिचगडच्या पुढं केशोरावांचं शेत होतं, उमेंद्रच्या ओळखीचं, तलावाला लागून. तिथं त्यानं तंबू उभारला. अल्काला उभं राहवेना. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. खुर्चीत बसून तिनं डोळे मिटले आणि लगेच उघडले.

आपण कुसुमबाईला रस्ता विचारला, ती म्हणाली. आणि तो फिरून तिच्याकडे गेला असेल तर?

उमेंद्र उत्तर द्यायच्या आतच आवाज आला. या वेळी खरा. तलावाच्या पाळीवरून पांढरी जीप धूळ उडवत येत होती.

"दादा येऊन राहिला," अल्का म्हणाली.

दादा उतरला. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्यानं तंबू पाहिला, खुर्च्या पाहिल्या, अल्काच्या गळ्यातली नवी काळी पोत पाहिली. अल्का कशीबशी उठून उमेंद्रच्या पुढं उभी राहिली. दादानं खिशात हात घातला, तसं उमेंद्रनं तिला बाजूला सारलं.

"जे बोलायचं ते मले बोल," तो म्हणाला.

दादानं खिशातून गोळ्यांची दोन पाकिटं काढली आणि उमेंद्रच्या हातात ठेवली. एक सकाळी, एक रात्री जेवल्यावर, तो म्हणाला, इच्या भरोशावर नका राहू. मग रिकाम्या खुर्चीत धपकन बसला, तोंडावरून हात फिरवला आणि अल्काकडे पाहिलं.

"कालपासून फोन करून राहिलो. लग्न केलं तं केलं, पन बीपीच्या गोळ्या घरी टाकून पळतेत काय, आई?"