रक्तातले पहारेकरी

"तिसरा गर्भही त्या यंत्रांनीच मारला," डॉक्टर गोगटे हर्षदाच्या नवऱ्याकडे बघत म्हणाले.

"माझ्याशी बोला," हर्षदा म्हणाली. "गर्भ माझ्या पोटात होता."

सहा वर्षांपूर्वी तिच्या मूत्रपिंडावर एक गाठ निघाली होती, कॅन्सरची नव्हे, साधीच. गोगट्यांनी तिच्या रक्तात सूक्ष्म यंत्रं सोडली. यंत्रांनी गाठीच्या रक्तवाहिन्या बुजवल्या आणि गाठ सुकली. यंत्रं मात्र रक्तातच पहाऱ्याला राहिली. नव्या रक्तवाहिन्यांचं जाळं दिसलं की ते बुजवायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. गाठ आणि गर्भाला पोसणारी वार यांतला फरक त्यांना कुणी शिकवलाच नव्हता.

"शिकवता येत होता ना?"

"येत होता. पण फॉर्मवर..." गोगट्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. 'पुढे मूल हवं आहे का?' या प्रश्नासमोर लिहिलं होतं, 'लागू नाही'.

"हे कुणी लिहिलं?"

"तेव्हा तुमचं लग्न झालेलं नव्हतं. वयही चौतीस. अशा वेळी आमचा स्टाफ तसंच भरतो."

"मी समोर बसले होते! जेवणात अंडं चालतं का, हे दोनदा विचारलंत. हे विचारताना दातखीळ बसली होती?"

गोगट्यांनी घाईघाईने एक कागद पुढे सरकवला. "यंत्रं आता कायमची बंद करू. फक्त इथे मिस्टरांची सही लागेल."

नवऱ्याने सवयीने खिशातून पेन काढलं. हर्षदाने ते त्याच्या हातातून ओढून घेतलं, 'पतीची संमती' या रकान्यात कागद फाटेल इतकं दाबून 'लागू नाही' असं लिहिलं आणि खाली स्वतःची सही ठोकली.