ओराव्याचा सातवा व्हिसा

ओरावा बेटाच्या व्हिसाला पासपोर्ट, दोन फोटो आणि परतताना तिथली आठवण पुसून घ्यायचं संमतीपत्र लागतं. कुमुदताईंनी तिन्ही गोष्टी खिडकीतून आत सरकवल्या.

"पहिल्यांदाच चाललेय हो. मुलगा दहा वर्षं तिथे आहे. ना पत्र, ना फोन. जेवतो की नाही, देव जाणे."

"सातव्यांदा," कारकून स्क्रीनकडे बघतच म्हणाला.

कुमुदताईंनी खिडकीची कड घट्ट धरली. "म्हणजे भेटला मला? बरा आहे ना?"

"ते आम्हाला कसं कळणार, मावशी? तुमच्या आठवणीसकट सगळं पुसलेलं. परतीचा फॉर्म तेवढा उरतो."

त्याने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. शेवटचा प्रश्न होता, 'आपण पुन्हा व्हिसा मागितल्यास द्यावा का?' सहाही फॉर्मवर कुमुदताईंच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'देऊ नका.' सहाव्यावर खाली दोन रेघा होत्या.

"आमची सक्ती नाही," कारकून म्हणाला. "दाखवायचा नियम आहे फक्त."

कुमुदताईंनी आपल्याच अक्षरावरून, मग त्या रेघांवरून बोट फिरवलं.

"हिचं काय जातंय नको म्हणायला," शेवटी त्या पुटपुटल्या. "ही भेटून आलीय त्याला."

आणि सही कुठे करायची ते त्यांनी विचारलं.