मासे उपाशी राहिले, त्याची गोष्ट

सांगून कुणाला पटायचं नाही, पण मी एकदा प्रयोगशाळा सोडायला निघालो, तर अख्खी इमारत हळहळली होती.

हे पुराण मी काल भाचीला ऐकवलं. एम.एस्सी.चा प्रबंध अर्ध्यावर असताना तिला आपल्या गाईडला सोडून दुसऱ्या सरांच्या ग्रुपमध्ये जायचं होतं. अर्ज भरून तयार होता आणि तो द्यायची मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. "दादा, काहीही करून थांबव रे तिला, वर्ष फुकट जाईल," असं बहिणीने मला बजावलं होतं.

मग काय, मी सुटलोच. "मी अर्ज लिहायला घेतला, आणि टाकीतल्या माशांनी अन्नपाणी सोडलं बघ!"

"सोडलं असेल," भाची म्हणाली.

"मायक्रोस्कोपचं भिंग तीन दिवस ओलं होतं, रडून रडून."

"अगं बाई!"

"शेवटी माझे गाईड सर अनवाणी तीन जिने उतरून आले आणि माझ्या सायकलचं चाक धरून बसले."

"मग हो?"

पोरगी विरघळली म्हणून मी हुकमाचं पान टाकलं. "मग मी थांबलो. आणि सरांनी माझं पहिलं प्रकरण आठ दिवसांत वाचून परत दिलं!"

भाची ताडकन उठली. अर्ज हातात घेऊन तिने चपला पायात सरकवल्या.



"मामा, मासे, भिंग, सायकल, सगळं ऐकून घेतलं. पण गाईडने प्रकरण वाचलं? थापेलाही काही सुमार असतो!"