निरोगी नळी

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पटापट फुटत होत्या. आत जंतू शिरल्याचा सुगावा लागला की पेशी स्वतःचा जीव देते, पण जाता जाता शेजारणींना सावध करते.

"रुग्णाच्या रक्ताची नळी ना ही?" मी विचारलं.

"नाही मॅडम, तुलनेसाठीची. निरोगी रक्ताची," तंत्रज्ञ म्हणाली.

मी भडकले. "म्हणजे नळ्यांची अदलाबदल केलीस! निरोगी माणसाच्या पेशी उगाच कशाला मरतील?"

"तीनदा करून बघितलं."

"मग चौथ्यांदा कर. ताजं रक्त घे." मी बाही वर सरकवली.

तिनं सुई उचललीच नाही. "पंधरा वर्षं निरोगी म्हणून तुमचंच रक्त घेतेय, मॅडम," ती माझी नजर चुकवत म्हणाली. "आजवर माझी नळी चुकलीय कधी?"