तेरा तास चाळीस मिनिटं

"ताबडतोब निघ," ताई फोनवर म्हणाली. "आईचं काही खरं नाही. डॉक्टर संध्याकाळपर्यंतचीसुद्धा हमी देत नाहीत."

"निघतो. पहिलं मिळेल ते विमान पकडतो. दोन तासांत एक सुटतंय."

"पोचशील कधी?"

त्याला ते तोंडपाठ होतं. दोन विमानतळांमधलं अंतर साडेअकरा हजार किलोमीटर, मध्ये थांबा नाही. "सुटल्यापासून तेरा तास चाळीस मिनिटं."

"अरे देवा." ताईचा आवाज खाली आला. "सारखी विचारतेय, कुठवर आला, कुठवर आला. नर्सनाही सांगत सुटलीय, माझं शेंडेफळ परदेशातून येतंय, मोठा साहेब आहे म्हणून."

चाळिशी उलटली तरी घरात तो शेंडेफळच होता.

"तिला सांग, निघालोय. आता फोन बंद राहील."

त्याने दाढी केली, बॅग भरली, आईसाठी घेतलेली शाल सगळ्यात वर ठेवली. बरोबर दोन तासांनी फोन बंद केला.

खिडकीजवळची जागा मिळाली. पाय पसरायची सोय नव्हती, गुडघे समोरच्या फळीला टेकत होते. कागदी कपातली कॉफी पाणचट होती. पहिल्या तासात तर जीव नुसता खालीवर होत होता. तीनदा तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला.

शेजारच्या म्हाताऱ्याने बॅगेकडे पाहिलं. "लांबचा प्रवास?"

"हो."

"कोण आहे तिकडे?"

"आई. शेवटच्या घटका मोजतेय."

"थांबेल हो ती. लेकरू येतंय म्हटल्यावर आईचा जीव असा जात नाही. जरा डोळा लावा तुम्ही."

डोळा कसला लागतोय! त्याने मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. पाच तास झाले, म्हणजे डोंगर संपून वाळवंट लागलं असेल. सात तास, निम्मी वाट सरली. आई, थोडी कळ काढ, तो मनात म्हणत राहिला. इतक्या लांब जायची दुर्बुद्धी कुठून सुचली, म्हणून स्वतःलाच शिव्या घालत राहिला.

आठ तास उलटून दहा मिनिटं झाली. म्हातारा त्याच्या पाठीवर हात ठेवून उठून गेला. शेंडेफळाने खिडकीबाहेर पाहिलं.

रस्त्यापलीकडे, हॉस्पिटलच्या दारातून ताई बाहेर आली होती. मागून आलेली नर्स तिचा दंड धरून काहीतरी सांगत होती. ताई मटकन पायरीवर बसली आणि पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडू लागली.

नोकरी गेल्यावर, सात महिन्यांपूर्वी, तो त्या विमानाने गुपचूप परत आला होता आणि इथून दोन बसथांब्यांवर खोली घेऊन राहत होता. कॅन्टीनमधून उठून रस्ता ओलांडायला एक मिनिट पुरलं असतं. पण त्याचं विमान उतरायला अजून साडेपाच तास होते.