बिनस्वेटरची पर्वती

सुदर्शनराव आणि मच्छिंद्र यांनी गोपाळकृष्णांना धरून रिक्षातून उतरवलं आणि बिल्डिंगच्या पायरीवर बसवलं. पद्मजाबाई दुधाची पिशवी घ्यायला नेमक्या खाली आल्या होत्या. नवऱ्याचे ओठ निळसर, कपाळावर घाम, आणि भर जानेवारीत अंगात नुसता सुती शर्ट.

"काही नाही वहिनी, चक्कर आली जरा," सुदर्शनराव म्हणाले. "निम्मी पर्वती चढलो आणि हे मटकन खालीच बसले. थंडीनं होतं असं. आल्याचा चहा द्या."

"डॉक्टर कधी झालात तुम्ही? हृदयात स्टेंट आहे त्यांच्या. गारठ्यात उघडं फिरायचं नाही, असं बजावलंय. स्वेटर कुठाय? घालून निघाले होते."

"मच्छिंद्रच्या स्कूटरच्या डिकीत राहिला," गोपाळकृष्ण पुटपुटले. "पर्वतीवर घालायचा नाही, ठरलंय आमचं. घालेल तो म्हातारा."

"मग काय, तरणेच आहात सगळे!"

मच्छिंद्र त्यांना सावरायला वाकला. बाही वर सरकली आणि आतून करड्या लोकरीची कड दिसली. पद्मजाबाईंनी परका पुरुष वगैरे काही पाहिलं नाही, सरळ त्याची कॉलर ओढली. आत गळ्यापर्यंत थर्मल. त्यांनी सुदर्शनरावांकडे पाहिलं. सुदर्शनरावांचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणावर गेला.

"अस्सं! आतून चालतं होय?"

"तसं नव्हे वहिनी, यंदा थंडी फारच..."

"मग यांना सांगायला काय झालं होतं? जीभ गारठली होती दोघांची?"

गोपाळकृष्ण एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. ठरलेलं त्यांनी एकट्यानंच पाळलं होतं.

"काकू, थांबू की जाऊ?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"थांबा. दवाखान्यात जायचंय." मग त्या सुदर्शनरावांकडे वळल्या. "काढा."

"काय?"

"आतलं. वर जाऊन शाल शोधायला मला वेळ नाही."

"वहिनी, इथं? रस्त्यात?"

"पर्वतीवर मर्दुमकी गाजवता ना? इथं गाजवा."

समोरच्या गॅलरीत दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. सुदर्शनरावांनी बटणं सोडली. पद्मजाबाईंनी ते उबदार थर्मल त्यांच्या हातातून हिसकावलं, नवऱ्याच्या डोक्यातून खाली ओढलं, मच्छिंद्रला एका बाजूनं धरायला लावून त्यांना रिक्षात बसवलं.

"अगं, त्याला थंडी वाजेल," गोपाळकृष्ण म्हणाले. आवाज जेमतेम निघत होता.

"वाजू दे!" रिक्षा हलली. पद्मजाबाईंनी त्यांचा गार पडलेला पंजा आपल्या मुठीत घेतला. "तुम्ही बोलू नका. हात दाबा माझा. दाबा म्हणते ना. अजून जोरात."