रानडुकराचं गाऱ्हाणं

वनखात्याची परवानगी हातात होती. पण देवाला विचारल्याशिवाय बंदूक चालवायची गावात रीत नव्हती, आणि बंदूक घेऊन देवळात शिरायचीही नव्हती. त्या सकाळी चपलांशेजारी बंदुका ठेवून सगळे आत हात जोडून उभे राहिले. सर्वांत पुढे तातू परब. एका रानडुकराने साऱ्या गावाचं भात लोळवलं होतं. कापणीला आलेला, देवळासमोरचा तातूचा तेवढा एकच कोपरा उरला होता.

गावाच्या वतीने देवाशी बोलणाऱ्या घाडीकाकांनी गाऱ्हाणं घातलं, "त्या डुकराक आज आमच्यासमोर आणून उभो कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले आणि मागे वळले.

देवाने इतकी तातडी पूर्वी कधी दाखवली नव्हती. डुक्कर दारात उभं होतं, लहानशा रेड्याएवढं. पाठीवरच्या ओल्या चिखलातून वाफा निघत होत्या, सुळ्यांवर कोवळं ऊन पडलं होतं. बंदुका त्याच्या पायाशी होत्या. त्याने एकेकाकडे सावकाश पाहिलं, मग पायऱ्या उतरून ते तातूच्या भातात शिरलं.

"तातू, भात गेला तुजा! उचल बंदूक!" घाडीकाका ओरडले.

तातूचे हात अजून जोडलेलेच होते.

"थांबा, काका," तो हळूच म्हणाला. "आधी पोटभर जेवांदे तेका."